परदेशात लाकूडकामाचं 'अस्तर' काय म्हणून मागायचं?

उंबरठा

नमस्कार मंडळी. नेदरलँड्समध्ये १९३० च्या दशकातलं घर घेतलंय. दारं, चौकटी, जिन्याचा कठडा, खिडक्यांखालच्या फळ्या, सगळं पाइनचं आणि सगळ्यावर वर्षानुवर्षांचे पांढऱ्या रंगाचे थर. मागच्या उन्हाळ्यात दोन दारं स्वतः रंगवली. दुकानातला माणूस म्हणाला, हा रंग थेट लावा, खाली काही लागत नाही. मी दोन हात मारले. दिसायला फार सुरेख झालं होतं.

चार महिन्यांनी कडीजवळ नख लागलं आणि दुधावरची साय उचलावी तसा पापुद्रा वर आला. ओढत गेले तर तळहाताएवढा तुकडा निघाला. खाली जुना रंग जसाच्या तसा, गुळगुळीत, चकचकीत. शिवाय जिथे जिथे लाकडात गाठ आहे तिथे गोल पिवळे डाग वर आलेत. तिसरा हात दिला तरी महिन्याभरात पुन्हा उमटले.

लहानपणी घरी रंगारी यायचे ते मला नीट आठवतं. आधी घासणं, मग अस्तर, मग लांबी (पुट्टी) भरणं, परत घासणं आणि मग कुठे ऑइल पेंट. त्या दारांवर वीस वर्षांत ओरखडा नव्हता. इथे मला ते 'अस्तर' मिळतच नाहीये. प्रायमर म्हटलं की एक डबा दाखवतात, अंडरकोट म्हटलं की दुसरा, आणि दोन्हींवर डचमध्ये एकच शब्द.

तीन प्रश्न आहेत. अस्तराला इथे नेमकं काय म्हणतात? आपल्यासारखा खरा ऑइल पेंट मिळतो का आणि तोच घ्यावा का? पुढच्या महिन्यात सासूबाई येताहेत, त्यांच्याबरोबर डबा मागवता येईल का?

रंधा

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तिकडे महिना कमी राहिलाय. मागवू नका. ऑइल पेंट, थिनर, टर्पेंटाइन हे सगळे ज्वलनशील द्रव. विमानाच्या सामानात, हातातल्या किंवा खाली टाकायच्या बॅगेत, दोन्हीकडे बंदी आहे. मालवाहतुकीतही रंगाला 'यूएन १२६३' असा धोकादायक मालाचा स्वतंत्र क्रमांक आहे. सासूबाईंना विमानतळावर बॅग उघडायला लावतील आणि डबा तिथेच राहील. दुसरं म्हणजे, घरात कुठेतरी पडून असलेला जुना डबा द्यायचा विचार असेल तर तोही नको. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यात काय असेल ते सांगता यायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमचा रंग वाईट नव्हता. चकचकीत जुन्या ऑइल पेंटवर पाण्याचा ॲक्रिलिक रंग थेट बसला, त्याला धरायला खाली काहीच नव्हतं. आपले रंगारी ज्याला सरसकट अस्तर म्हणतात त्यात खरं तर दोन वेगळी कामं असतात. एक, खालच्या पृष्ठभागाला चिकटून बसायचं आणि लाकडाची तहान भागवायची. ते प्रायमरचं. दुसरं, बारीक खळगे भरायचे, खालचा रंग झाकायचा आणि वरच्या हाताला खरखरीत पकड द्यायची. ते अंडरकोटचं. अंडरकोटमध्ये रंगद्रव्य आणि भुकटी भरपूर, चिकटवणारा भाग त्या मानाने कमी, म्हणून तो वाळल्यावर खडूसारखा मॅट दिसतो आणि छान घासला जातो. वरच्या चकचकीत रंगात नेमकं उलट, म्हणून तो चमकतो पण झाकत कमी. तो झाकत नाही म्हणून लोक त्याचेच चार हात देतात, आणि मग ओघळ.

डचमध्ये शब्द सांगतो. 'ख्रोंडफेर्फ' म्हणजे खालचा थर, आपलं अस्तर. अंडरकोटला वेगळा शब्द आहे, 'फोरलाक', पण तो घरगुती दुकानांत कमी दिसतो, रंगाऱ्यांच्या दुकानात विचारा. वरचा तो 'लाक'. 'म्यूरफेर्फ' भिंतीचा, तो लाकडावर नकोच.

तिरकी_चौकट

जर्मनीतही अगदी तसंच. 'ग्रुंडीरुंग' पहिला, 'फोअरलाक' मधला, 'लाक' शेवटचा. मी दोन वर्षं फोअरलाक हा शब्द माहीत नसल्यामुळे तो न लावता काम केलं. कळल्यावर जिन्याच्या कठड्याला लावला आणि घासताना जी पांढरी पिठी पडली ती पाहूनच जीव निवला, कारण लहानपणी दाराशी पडायची ती हीच पिठी. 'लाझूअर' लिहिलेला डबा चुकून उचलू नका, तो पारदर्शक असतो, लाकडाच्या रेषा दिसाव्यात म्हणून.

पाचपाकळी

इटलीतून लिहितेय. इथे दुकानात 'चेमेंतीते' म्हणून डबा दाखवला. सिमेंटसारखं नाव ऐकून मी परत ठेवला होता. त्याचा सिमेंटशी संबंध नाही, लाकडाचा पांढरा मॅट अंडरकोटच आहे. भरतोही छान. वरच्या रंगाला 'झ्माल्तो' म्हणतात. फ्रान्समध्ये बहिणीकडे 'सू-कूश' या एका शब्दात प्रायमर आणि अंडरकोट दोन्ही येतात, आणि ऑइल पेंटला 'ग्लिसेरो' म्हणतात.

अमेरिकेतल्यांसाठी एक: तिथे 'अंडरकोटिंग' म्हटलं तर गाडीच्या खालच्या बाजूला गंज लागू नये म्हणून मारतात ते देतील. तिथे प्रायमरच म्हणा.

उंबरठा

रंधा, खूप खूप आभार. सासूबाईंना कळवलं. पण गोंधळ अजून आहेच. आज दुकानात ख्रोंडफेर्फचे सहा डबे होते. काहींवर पाण्याचं, काहींवर अल्किड, एकावर दोन्ही शब्द. फोनने भाषांतर केलं तर सगळ्यांचं 'प्राइमर पेंट' आलं. निवडायचं कसं?

मोजपट्टी

डबा उलटा करा. पुढची बाजू जाहिरातीची असते, खरी माहिती मागे बारीक अक्षरांत असते, आणि युरोपियन युनियनमध्ये कुठल्याही देशात असलात, भाषा येत नसली, तरी ती वाचता येते.

२००४ च्या ४२ क्रमांकाच्या युरोपियन निर्देशानुसार प्रत्येक डब्यावर तो रंग कुठल्या गटात मोडतो आणि त्या गटाला बाष्पशील द्रावकाची (रंग वाळताना हवेत उडून जाणाऱ्या द्रवाची) किती मर्यादा आहे ते छापावं लागतं. पहिली मर्यादा २००७ ची, दुसरी, जास्त कडक, २०१० ची. शोधायची ओळ अशी असते: कॅट. ए, तिरकी रेघ, मग एक छोटं अक्षर, मग आकडा ग्रॅम प्रति लिटरमध्ये, मग कंसात २०१०.

छोटं अक्षर 'डी' असेल तर तो लाकूड-धातूच्या चौकटी, दारं यांचा रंग. अंडरकोट आणि मधले थरही व्याख्येनुसार याच गटात येतात. अक्षर 'जी' असेल तर तो सील करणारा किंवा डाग अडवणारा प्रायमर. म्हणजे तुमच्या प्रायमर-अंडरकोटच्या गोंधळाचं उत्तर त्या एका अक्षरात आहे.

आता आकडा. 'डी' पुढे १३० म्हणजे पाण्याचा, ३०० म्हणजे द्रावकाचा, आपल्या ओळखीचा ऑइल पेंट. 'जी' पुढे ३० म्हणजे पाण्याचा, ३५० म्हणजे द्रावकाचा. त्याखाली त्या डब्यात प्रत्यक्षात जास्तीत जास्त किती आहे तेही असतं. ज्या डब्यावर अल्किड आणि पाणी दोन्ही शब्द आहेत तो पाण्यात मिसळलेला अल्किड, म्हणजे ऑइल पेंटमधली चिकटवणारी राळ, असणार. आकडा १३० किंवा ३० निघाला तर ब्रश पाण्याने धुता येतो.

मी तर आता दुकानात शिरल्यावर डबे उलटे करतच फिरतो.

उंबरठा

मोजपट्टी, हे सोनं आहे! संध्याकाळी परत गेले. सहापैकी चार 'डी', दोन 'जी'. मागच्या वर्षीच्या माझ्या रिकाम्या डब्यावरही पाहिलं, डी, १३०.

मग आता ऑइलचा घेऊ की पाण्याचा? मनातून ऑइलकडे ओढ आहे, त्या वीस वर्षं टिकलेल्या दारांमुळे.

रंधा

ओढ समजते. माझीही होती. पण आधी खाली काय आहे ते पाहा. जुना फडका स्पिरिटमध्ये (मेथिलेटेड स्पिरिट, इथे 'स्पिरिटस' म्हणूनच मिळतं) भिजवा आणि कोपऱ्यात मिनिटभर चोळा. रंग मऊ पडून फडक्यावर आला तर तो ॲक्रिलिक. काहीच झालं नाही तर ऑइलचा. तुमचा वरचा थर फडक्यावर येईल, त्याखालचा येणार नाही, असा माझा अंदाज.

ऑइल पेंटच्या बाजूने बोलायचं तर तो हळू वाळतो, त्यामुळे ब्रशच्या रेषा आपोआप बसतात, कडेवर जास्त वेळ काम करता येतं. पण पांढरा ऑइल पेंट अंधारात पिवळा पडतो. कपाटाची आतली बाजू, फोटोमागची चौकट, कायम बंद असलेली खोली, तिथे दोन-तीन वर्षांत मलईसारखा होतो. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो आणि ती क्रिया नंतरही आत चालू राहते. पाण्याचा पांढराच राहतो, वास कमी, दिवसात दोन हात होतात.

पाण्याच्या रंगाचे दोन स्वभाव मात्र सांभाळावे लागतात. पहिला हात दिला की लाकडाचे तंतू उभे राहतात, हात फिरवला तर दाढी वाढल्यासारखं लागतं. घाबरू नका, २४० नंबरच्या पेपरने हलकं घासलं की जातं. दुसरा म्हणजे तासाभरात कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला काही आठवडे घेतो. दार लगेच घट्ट बंद केलं तर रंगाला रंग चिकटतो आणि उघडताना दोन्हीकडचा सोलवटतो. पहिले काही दिवस दार किलकिलं ठेवा.

घरात लहान मूल आहे का? असेल तर मी पाण्याचाच सांगेन. नेदरलँड्समध्ये २००० सालापासून धंदेवाईक रंगाऱ्यांना घराच्या आत जास्त द्रावकाचे रंग वापरायला मनाई आहे. वर्षानुवर्षं ती वाफ श्वासात गेल्याने त्यांच्या मेंदूवर आणि नसांवर परिणाम होत होता. ज्यांचं पोट यावर आहे त्यांनी पाण्याच्या रंगात हात बसवलाय आणि इथली दारं-खिडक्या पाहिलीत तर त्यात कमी काही दिसत नाही.

उंबरठा

हो, दीड वर्षाची मुलगी आहे. सध्या खिडकीखालच्या फळीला धरून उभी राहते आणि तिथेच दात शिवशिवले की चावते.

कुंचला

थांबा. घासायला सुरुवात केली नसेल तर करू नका.

१९३० च्या दशकातलं घर, अनेक थर, आणि मूल फळी चावतंय. आधी शिसं तपासा. पांढरं शिसं हा त्या काळातला लाकडाचा नेहमीचा रंग होता. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घराच्या आतल्या रंगकामात पांढऱ्या शिशाला मनाई करणारा करार केला होता, तरी शिशाचे रंग बऱ्याच ठिकाणी पुढे कित्येक दशकं चालू राहिले. अमेरिकेत घरगुती रंगात बंदी आली ती १९७८ मध्ये. शिसं चवीला गोडसर असतं, म्हणून मुलं पोपडे खातात. लहान मुलांच्या मेंदूला त्याची सुरक्षित अशी मात्रा नाही.

रंगाच्या दुकानात तपासणीच्या काड्या मिळतात. ब्लेडने सगळे थर कापले जातील अशी तिरकी खाच पाडा आणि लाकडापर्यंतचा प्रत्येक थर तपासा, फक्त वरचा नको. शंका राहिली तर तुकडा प्रयोगशाळेत पाठवा. शिसं निघालं तर कोरडं घासायचं नाही, यंत्राने तर अजिबात नाही, आणि गरम हवेच्या बंदुकीने जाळायचंही नाही. रंग घट्ट बसलेला असेल तर ओला पेपर वापरून जेमतेम चमक मोडायची, चिखल ओल्या कापडाने पुसून कापड पिशवीत बंद करायचं आणि वरून चांगला थर द्यायचा. पोपडे सुटत असतील तर तेवढ्यासाठी जाणकार माणूस बोलवा. मुलीची फळीशी गाठ आजपासून तोडा, तिथे काहीतरी आडवं ठेवा.

मी हे इतकं तळमळून लिहितेय कारण आमच्या घरी हे आम्हाला उशिरा कळलं. मुलगा आता बरा आहे, पण ते तीन महिने मी विसरणार नाही.

उंबरठा

कुंचलाताई, वाचून हात थरथरले. फळीपुढे लगेच कपाट सरकवलं. काड्या आणते.

जवसफूल

उंबरठा यांची काड्यांची बातमी येईपर्यंत गाठींविषयी लिहितो. पाइनच्या गाठीत राळ असते, ऊब मिळाली की ती बाहेर यायला बघते आणि पाण्याच्या रंगातून आरपार येते. हिवाळ्यात हीटर सुरू झाल्यावर डाग जास्त दिसले असतील, बघा. ओकसारख्या लाकडात राळेऐवजी टॅनिन असतं, तेही असंच तपकिरी उतरतं. यावर आणखी एक हात हा उपाय नाहीच, कितीही हात द्या.

उपाय आपल्या ओळखीचा आहे: लाख! चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार पॉलिश करतात तीच लाख. जगात लाखेचं सगळ्यात जास्त उत्पादन भारतात होतं, त्यातही झारखंडात. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवरचा किडा ती तयार करतो. तीच पांढरं रंगद्रव्य घालून इकडे डाग अडवणारा प्रायमर म्हणून विकतात. 'शेलॅक' हा शब्द सगळीकडे चालतो. गाठीवर एक पातळ हात, अर्ध्या तासाने दुसरा, गाठीच्या कडेबाहेर दोन बोटं पसरवून. खिडक्या उघड्या ठेवा, वास उग्र असतो आणि ते पेट घेतं. ब्रश स्पिरिटनेच धुवायचा.

मी स्वीडनमध्ये आहे. इथे जुन्या खिडक्यांना अजून जवसाच्या तेलाचा रंग देतात, मीही देतो. थर अगदी पातळ लागतात आणि वाळायला दिवस जातात, पण तो पोपडे धरत नाही, हळूहळू भुकटी होत झिजतो. तेल पुसलेले फडके मात्र चुरगळून टाकू नका, ते आपोआप तापून पेटतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

उंबरठा

काड्यांचा निकाल. दारांवर काहीच नाही. खिडकीखालच्या दोन फळ्यांपैकी एकीवर सगळ्यात खालच्या थराशी काडी लाल झाली. तुकडा प्रयोगशाळेत पाठवला, तिथूनही शिसं असल्याचंच आलं. मुलीचं रक्त तपासलं, डॉक्टर म्हणाल्या काळजीचं कारण नाही. ती फळी आम्ही रंगवायची नाही असं ठरवलं. शिशाचं काम जाणणाऱ्याला बोलावून अख्खीच काढून घेतली. नवीन फळी नुकतीच बसली आहे, कोरं पाइन, चार गाठी.

आता या नव्या फळीला आणि जुन्या दारांना क्रम सांगाल का?

रंधा

फळी काढलीत ते उत्तम केलंत.

दारं. सुटलेला ॲक्रिलिक थर जिथवर निघतो तिथवर खरवडून काढा, घट्ट असेल तो राहू द्या, कडा १२० ने उतरत्या करा. मग धुवा. घासण्यापूर्वी धुवायचं, नाहीतर हातांचा तेलकटपणा पेपरने आत चोळला जातो. डच लोक पाण्यात थोडा अमोनिया घालतात, मग साध्या पाण्याने पुसतात. वाळल्यावर १८० ने चमक पूर्ण जाईपर्यंत घासा. तिरक्या उजेडात बघा, एकही चकाकणारा ठिपका नको. याच पायरीला तुमचा मागचा रंग हरला. मग चिकटणारा ख्रोंडफेर्फ. चार दिवस थांबून कोपऱ्यात ब्लेडने चौकटी-चौकटी कापा, चिकटपट्टी दाबून झटकन ओढा. चौकोन पट्टीवर आले नाहीत तर पुढे जा. आले तर थांबा आणि इथे लिहा.

कोरी फळी. गाठींना जवसफूल म्हणतात तसं शेलॅक, मग अख्ख्या फळीला, खालच्या बाजूला आणि दोन्ही टोकांनाही, ख्रोंडफेर्फ. टोकं पाणी पितात, तिथे दोन हात. खिळ्यांची भोकं लांबीने भरा, पण पहिल्या हातानंतर. कोऱ्या लाकडावर भरली तर लाकूड लांबीतला ओलावा शोषून घेतं आणि ती सुटते.

मग फोरलाक, २४० ने घासणं, मग वरच्याचे दोन पातळ हात. पॅनेलच्या दाराला आधी पॅनेलं, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. ब्रश कृत्रिम केसांचा, डुकराच्या केसांचा पाण्याने फुगतो. खोली १० अंशांखाली असेल तर काम उद्यावर टाका.

एक राहिलं. तुम्ही ऑइलचा घ्यायचं ठरवलंत आणि ब्रश धुवायला गेलात तर शब्दाची गफलत होते. आपल्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून बहुतेक खनिज तेलाचंच मिळतं, त्याला डचमध्ये 'टेरपेंटीना' म्हणतात. 'टेरपेंटाइन' लिहिलेली बाटली म्हणजे पाइनच्या राळेचं खरं, महाग आणि उग्र.

उंबरठा

तीन आठवड्यांनी लिहितेय. 'जी' अक्षराचा एक डबा, 'डी' अक्षराचे दोन, सगळे पाण्याचे, सगळे एकाच कंपनीचे. फोरलाक शेवटी रंगाऱ्यांच्या दुकानात मिळाला. काउंटरवरच्या बाईंना मी शब्द उच्चारून दाखवला, त्यांनी मला तो नीट म्हणायला शिकवला आणि मगच डबा दिला.

चौथ्या दिवशी ब्लेडची परीक्षा घेतली. पट्टी ओढली, उजेडाकडे धरली. पट्टी स्वच्छ होती.

फोरलाक घासताना ती पिठी पडली. मी फडका घ्यायच्या आधी थोडा वेळ तशीच बसले. बाबा रंगाऱ्याच्या मागे उभे राहून दारावर उलटा हात फिरवून बघायचे, बोटांच्या मागच्या बाजूने, तिथे खरखर जास्त कळते म्हणून. मीही तसाच फिरवला. एका जागी अजून दाढी लागली, तिथे परत घासलं.

वरचा दुसरा हात काल झाला. गाठी सध्या तरी दिसत नाहीत, हीटर लागल्यावर फोटो टाकते. सगळी दारं किलकिली आहेत.

जवसफूल

फोटोची वाट बघतोय. डिसेंबरातला टाका, तेव्हाच खरं कळेल.